डावीकडे वळणारे आणि दोन्हीकडे वळणारे: नव्या रेसिंग फॅनसाठी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची दोन-तीन वर्षं वाचतील. पुण्याहून कामासाठी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला आलो. हे कमिन्स या इंजिन कंपनीचं गाव, त्यामुळे दुकानात कोथिंबीर निवडताना शेजारी कोथरूडचा माणूस उभा असला तरी कोणाला नवल वाटत नाही. इथून इंडियानापोलिसचा स्पीडवे गाडीने तासाभरावर. मी शुमाकरच्या जमान्यापासूनचा एफ वनवाला, आणि एफ वनवाल्याला एक खाज असतेच, की अमेरिकन रेसिंग म्हणजे काय तर डावीकडे वळा, परत डावीकडे वळा, झालं. त्याच तोऱ्यात पहिल्यांदा इंडी ५०० ला, म्हणजे ह्या स्पीडवेवरच्या ५०० मैलांच्या रेसला गेलो, स्वस्त पडतंय म्हणून कुंपणाजवळच्या खालच्या रांगेतलं तिकीट काढलं, कानात काही घातलं नाही आणि चाळीसाव्या लॅपला, म्हणजे फेरीला, कंटाळून फोन बघत बसलो.

शेजारी बाबा. सहा महिन्यांसाठी आलेले, मंचरकडचे, जन्मात एफ वन बघितलेली नाही. ते मात्र उभे राहून बघत होते. म्हटलं काय कळतंय काय तुम्हाला? तर म्हणाले, "अरे तो पिवळा मघापासून त्या निळ्याच्या सावलीत पळतोय. त्याला पुढं जायचंच नाहीये अजून, दम राखतोय तो."

आणि खरंच तसंच होतं. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी, त्यामुळे इंधन कमी जळतं, त्यामुळे पिटला, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, दोन-तीन लॅप उशिरा जाता येतं. बाबांना ड्राफ्टिंग हा शब्द माहीत नव्हता पण आयुष्यभर बैलगाडे बघितलेल्या माणसाला दम राखणं कळतं, आणि मला शब्द पाठ होता पण दिसत काहीच नव्हतं. तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना शब्द माहीत आहेत आणि दिसत नाहीये. दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी, कारण इथे वाढलेली आमच्या मंडळातली पोरं मला उलटं विचारतात, की काका, एफ वनमध्ये पहिलं वळण झालं की पुढे दीड तास तुम्ही नक्की बघता काय?

पायरी १: कोण कोण आहे ते ओळखून घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे, उगाच विकिपीडियावर रात्र घालवू नका.

एफ वन म्हणजे जागतिक स्पर्धा, १९५० ला सिल्व्हरस्टोनला सुरू झाली, प्रत्येक टीमने आपली गाडी आपण बनवायची. २०२५ पर्यंत १० टीम आणि २० गाड्या होत्या, २०२६ पासून कॅडिलॅक आल्यामुळे ११ आणि २२. इंडीकार दिसायला तशीच, उघडी चाकं, पण गाडीचा सांगाडा सगळ्यांचा एकाच कंपनीचा, इटलीच्या डलाराचा, आणि इंजिन होंडा नाहीतर शेव्हरोलेचं. ती ओव्हलवर (लंबगोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे) पण पळते आणि रस्त्यावरच्या सर्किटवर पण, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नॅसकार म्हणजे बंद छताच्या जड गाड्या, दीड टनाच्या आसपास, म्हणजे एफ वनच्या जवळजवळ दुप्पट, मोठं व्ही एट इंजिन आणि शेव्हरोले, फोर्ड, टोयोटा असे तीन गट. वर्षाला ३६ रेस, फेब्रुवारी ते नोव्हेंबर, श्वास घ्यायला पण वेळ देत नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे २४ तासांच्या वगैरे लांब रेस, तिकडे ल माँ आणि इकडे डेटोना. ते प्रकरण मोठं आहे, आत्ता त्यात शिरू नका, फक्त एवढं लक्षात ठेवा की अमेरिका आणि युरोप यांचं सगळ्यात जास्त तिथेच जुळतं, दोन्हीकडच्या वरच्या वर्गाचे नियम आता असे केलेत की त्याच जातीच्या गाड्या दोन्हीकडे पळू शकतात.

आणि एक राहिलं. लोक सरसकट सांगतात की एफ वन म्हणजे टेस्ट मॅच आणि अमेरिकन रेसिंग म्हणजे आयपीएल. मला हे अजिबात पटत नाही. एफ वन ३०५ किलोमीटरला संपते, दीड-पावणेदोन तासात सगळे घरी. इंडी ५०० म्हणजे ८०० किलोमीटर, तीन तास. नॅसकारची शार्लटची कोका-कोला ६०० चार तासांच्या आसपास जाते, दिवसाउजेडी सुरू होते आणि दिव्यांच्या उजेडात संपते. मग टेस्ट मॅच कोण?

पायरी २: पहिली रेस आपल्या सोयीची निवडा

एफ वन बघणाऱ्याने थेट ओव्हलवर उडी मारू नये, मी मारली आणि तोंडावर पडलो. आधी इंडीकारची लाँग बीच बघा, कॅलिफोर्नियात समुद्राला लागून शहरातल्या रस्त्यांवर होते. १९७६ ते १९८३ तिथे एफ वनच व्हायची, १९८४ पासून हे लोक आहेत, त्यामुळे डोळ्यांना ओळखीचं वाटेल. नाहीतर विस्कॉन्सिनमधलं रोड अमेरिका, झाडीतलं लांबलचक जुनं सर्किट.

वेगाची तुलना एकदाच करा आणि सोडून द्या. २०१९ मध्ये ऑस्टिनच्या एकाच सर्किटवर दोन्ही पळाल्या, इंडीकारची पोल (पहिल्या जागेवरून सुटायचा मान देणारा सगळ्यात वेगवान लॅप) १ मिनिट ४६ सेकंद आणि एफ वनची १ मिनिट ३२ सेकंद. चौदा सेकंद म्हणजे रेसिंगमध्ये पिढीचा फरक. पण टीव्हीवर तुम्हाला तो दिसत नाही, दिसतं ते हे की इंडीकारच्या ड्रायव्हरचे हात सतत झगडताहेत, कारण त्यात पॉवर स्टीअरिंग नाही. ऑनबोर्ड कॅमेरा लावा आणि फक्त हात बघा, दहा मिनिटं, मग कळेल काय मजुरी आहे ती.

उलट बाजूने येणाऱ्यांनी, म्हणजे नॅसकारवर वाढलेल्या पोरांनी, एफ वनची रेस आधी बघू नका, शनिवारचं क्वालिफाइंग बघा, रविवारी कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते तिथे ठरतं. तीन टप्पे, प्रत्येकात खालचे बाहेर, शेवटी दहा जण आणि पोलसाठी एकाच वेगवान लॅपची लढाई. एफ वनचं निम्मं भांडण तिथेच होतं आणि मोनॅकोला तर निम्म्याहून जास्त. मग रविवारी पहिल्याकडे बघू नका, सहाव्या ते बाराव्या नंबरमध्ये काय चाललंय ते बघा, आणि टायरचा रंग बघा, लाल मऊ, पिवळा मधला, पांढरा कडक. मागचा ड्रायव्हर आधी पिटमध्ये गेला, नवे टायर घालून दोन लॅप जीव खाऊन पळाला, आणि पुढचा पिटमधून बाहेर आला तेव्हा हा त्याच्या पुढे निघालेला, ह्याला अंडरकट म्हणतात. ट्रॅकवर ओव्हरटेक झालंच नाही आणि तरी जागा गेली. आमच्या मंडळातल्या एका पोराला हे कळलं त्या दिवशी तो म्हणाला की ही चोरी आहे. चोरीच आहे रे, पण हिशोबाची.

पायरी ३: ओव्हलची नजर बसवा

ही खरी पायरी, इथे घाई करू नका.

आधी क्वालिफाइंग. इंडी ५०० ला गाडी एकटी निघते, चार लॅप, त्यांची सरासरी, बास. बाबांनी हे बघितलं आणि म्हणाले, "ही तर बारी." मंचर-जुन्नरकडच्या घाटात बैलगाडा असाच एकटा सुटतो, शेजारी कोणी नाही, जे काय बोलायचं ते घड्याळ बोलणार. २०२४ ची पोल होती ताशी २३४ मैल, म्हणजे साधारण ३७७ किलोमीटर, आणि ही चार लॅपची सरासरी, सरळ रस्त्यावरचा क्षणाचा वेग नव्हे. जागा फक्त ३३, त्यामुळे ३४ वी गाडी आली असेल तर कोणीतरी घरी जाणार, नाव कितीही मोठं असो. २०१९ मध्ये दोनदा एफ वनचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला फर्नांडो अलोन्सो असाच बाहेर राहिला होता. त्या दिवशी एफ वनवाल्यांचं "फक्त डावीकडे वळायचं" जरा कमी ऐकू आलं.

आता रेस. टीव्हीवर पुढची गाडी बघत बसलात तर नक्की झोप येणार. तीन गाड्या निवडा, एक पहिल्या पाचातली, एक दहाव्या नंबरची, एक विसाव्याची, आणि डावीकडच्या पट्टीत त्यांच्यातलं अंतर दर पाच लॅपने बघा. पहिले दहा-पंधरा लॅप काहीच होत नाही. मग टायर झिजतात आणि अंतरं हलायला लागतात, एखादा चौदाव्या नंबरवरून गुपचूप नववा होतो आणि कोणी त्याच्याबद्दल बोलत पण नाही. हा माणूस शेवटी कामाचा असतो.

मग वळणातून बाहेर पडताना गाडी बघा. नाक वळत नाहीये आणि गाडी भिंतीकडे वाहत चाललीये तर ती टाईट. मागची बाजू सुटायला बघतेय आणि ड्रायव्हर स्टीअरिंग उलटं झटकतोय तर ती लूज. नॅसकारच्या रेडिओवर हे दोन शब्द शंभर वेळा ऐकू येतात, सगळी रेस ह्या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी चालू असते. इंडीकारच्या ड्रायव्हरकडे तर ओव्हलवर गाडीचं वजन एका बाजूला सरकवायची सोय कॉकपिटमध्येच असते, त्यामुळे तो ३५० च्या वेगात बटणं दाबत गाडी जुळवत असतो. इंडीची चारही वळणं कागदावर सारखी, पण वारा कुठून येतोय त्यावर प्रत्येक वळण वेगळं वागतं. साधारण चाळीस सेकंदाचा लॅप आणि त्यात चार निराळे प्रश्न.

आणि ओव्हल ओव्हलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिस्टल अर्ध्या मैलाचं, वाडग्यात घालून ढवळल्यासारखं, पंधरा-सोळा सेकंदाचा लॅप. मार्टिन्सव्हिल कागदाच्या पिनेसारखं लांबट, तिथे सगळा खेळ ब्रेकचा आणि जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ देतात. टॅलाडेगा अडीच मैलांहून मोठं, वळणं ३३ अंशांत कललेली, तिथे तीन-तीन गाड्या शेजारी आणि अशा दहा-बारा रांगा, सगळ्या एकमेकांना ढकलत. तिथे एकटा कोणीच पुढे जाऊ शकत नाही, मागून ढकलणारा मित्र लागतो, आणि तो मित्र कुठपर्यंत मित्र राहणार हे त्यालाच माहीत नसतं.

नॅसकारमध्ये अजून एक माणूस आहे जो एफ वनमध्ये नसतो, स्पॉटर. स्टँडच्या छतावर दुर्बीण घेऊन उभा, आणि ड्रायव्हरच्या कानात अखंड, आत आहे, अजून आत आहे, दारापाशी, सुटलास. गाडीतून बाजूचं दिसतच नाही म्हटल्यावर ह्याच्या शब्दावर माणूस ३०० च्या वेगात रांग बदलतो. जमलं तर एखाद्या ड्रायव्हरचा रेडिओ नुसता ऐका, चित्राशिवाय. क्रिकेटची कॉमेंट्री रेडिओवर ऐकलेल्या माणसाला हे लगेच जमतं.

पायरी ४: पिवळा झेंडा समजला तर सगळं समजलं

माझ्या मते दोन्ही जगांतला खरा फरक गाडीचा नाही, ट्रॅकचा पण नाही, पिवळ्या झेंड्याचा आहे. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू चला.

एफ वनची मूळ समजूत अशी, की तू कमावलेली आघाडी तुझी. म्हणून छोट्या अपघाताला फक्त तेवढ्या वळणात पिवळा, जरा मोठं असेल तर व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांनी हळू चाला पण अंतरं जशीच्या तशी. खरीखुरी सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्या मागे रांगेत हळू चालवणारी गाडी, हा शेवटचा उपाय, आणि ती आली की ज्याची आघाडी गेली त्याच्यासाठी सगळे हळहळतात. निळ्या झेंड्याचं पण तेच, एक लॅप मागे पडलेल्याने आघाडीच्या गाडीला वाट द्यायचीच, नाही दिली तर दंड.

अमेरिकेत आघाडी ही उधारीवरची. ओव्हलवर कोणी भिंतीला लागला की पूर्ण ट्रॅकवर पिवळा, सगळे एका रांगेत, तू वीस सेकंद पुढे होतास ना, छान, आता शून्य. पिट आधी बंद करतात, रांग लागली की उघडतात आणि मग सगळे एकदम आत घुसतात. नॅसकारमध्ये तर एक लॅप मागे पडलेल्यांत जो पहिला असेल त्याला तो लॅप फुकट परत मिळतो. एफ वनवाल्याला हे ऐकून चक्कर येते. पण निळा झेंडा इथे हुकूम नाही, सूचना आहे, मागे पडलेला माणूस आपल्या लॅपसाठी पुढच्याशी भांडू शकतो, आणि भांडतो.

म्हणून अमेरिकन रेस बघताना "कोण किती पुढे आहे" हा प्रश्न विचारूच नका, "आत्ता पिवळा आला तर कोणाचं फावेल" हा विचारा. कोण नुकताच पिटला जाऊन आलाय, कोणाकडे चार लॅपचं इंधन जास्त आहे. हा प्रश्न डोक्यात ठेवून मी दुसऱ्या वर्षी गेलो आणि तीन तास कसे गेले कळलं नाही.

आणि नॅसकारचा ओव्हरटाइम. शेवटी शेवटी पिवळा आला तर रेस पिवळ्याखाली संपवायची नाही, लॅप वाढवायचे, पुन्हा हिरवा, दोन लॅप, होऊन जाऊ दे. आता ह्याच्या शेजारी अबू धाबी २०२१ ठेवा. पाच लॅप राहिले असताना लतिफीची गाडी भिंतीला, सेफ्टी कार, हॅमिल्टन पुढे जुन्या टायरवर आणि मागे व्हर्स्टापन नव्या मऊ टायरवर, दोघांच्या मधल्या, लॅपने मागे पडलेल्या पाचच गाड्यांना पुढे काढलं आणि एका लॅपची रेस लावली, चॅम्पियनशिप तिथे फिरली. अजून लोक त्यावरून भांडतात, माझ्या दोन मित्रांनी वर्षभर एकमेकांशी धड बोलणं टाकलं होतं. तसा शेवट नॅसकारवाल्यासाठी रोजचाच, तो म्हणाला असता यात काय एवढं. पण रागाचं कारण एका लॅपची रेस हे नव्हतंच, ती नियमात न बसवता लावली हे होतं. नॅसकारमध्ये ती आधीच लिहिलेली असते, त्यामुळे शेवटचे दहा लॅप सगळे त्याच तयारीने चालवतात.

इंडीकारमध्ये ओव्हरटाइम नाही, पण २०२३ च्या इंडी ५०० ला शेवटच्या टप्प्यात तीनदा लाल झेंडा दाखवून रेस थांबवली आणि शेवटी एका लॅपचा रीस्टार्ट दिला, न्यूगार्डनने एरिक्सनला मागे टाकलं. एरिक्सन एफ वनमधून आलेला, त्याला ते पटलं नाही. मला तेव्हा पटलं, आता तेवढं पटत नाही. तुम्ही बघून ठरवा.

पायरी ५: पिटमध्ये माणसं मोजा

एफ वनमध्ये २०१० पासून रेसमध्ये पेट्रोल भरत नाहीत, फक्त टायर, आणि त्याला वीसेक माणसं. मॅक्लॅरनने २०२३ ला कतारमध्ये १.८ सेकंदात चारही टायर बदलले. डोळा लवतो तेवढ्यात होतं, त्यामुळे बघण्यासारखं काहीच राहत नाही, खरं सांगतो. नॅसकारमध्ये भिंतीवरून उडी मारून फक्त पाच जण येतात. एकाच्या हातात जॅक, एकाच्या खांद्यावर पेट्रोलचा मोठा डबा, आधी उजवी बाजू उचलायची, दोन टायर, मग गाडीच्या पुढून धावत डावीकडे, परत दोन. नऊ-दहा सेकंद, पण त्यात धावणं, घसरणं, चाक निसटणं सगळं दिसतं. यातले बरेच जण कॉलेजात फुटबॉल वगैरे खेळलेले असतात, हातपाय बघूनच कळतं. इंडीकार मधली, गाडी हवेच्या जॅकवर आपोआप उचलली जाते आणि इंधन भरावं लागतं, म्हणून किती भरलं यावर पुढचा तासभर डोकेफोड.

पायरी ६: गाडीचं कौतुक करायचं की माणसाचं

एफ वनवाले म्हणतात, सगळ्यांना एकच गाडी दिलीत तर इंजिनीअरिंग कुठे राहिलं. अमेरिकन म्हणतात, तुमच्याकडे गाडीच जिंकते. दोघांचं थोडं थोडं खरं. २०२३ मध्ये एफ वनच्या २२ पैकी २१ रेस रेड बुल टीमने जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या व्हर्स्टापनने. मी फॅन आहे तरी सांगतो, त्या वर्षी सप्टेंबरनंतर मी इस्त्री करत करत रेस बघायचो.

पण एकसारखी गाडी दिली की निकाल आपोआप पसरतो असंही नाही. अ‍ॅलेक्स पालोने इंडीकारची चॅम्पियनशिप २०२१, २०२३, २०२४ आणि २०२५ ला घेतली, २०२५ मध्ये १७ पैकी ८ रेस त्याच्या, त्यात इंडी ५०० पण. गाडी तीच, इंजिन तेच. मग आता कोणाला दोष द्यायचा? हाच माणूस इतरांपेक्षा इंधन कमी जाळून तोच लॅप कसा काढतो हे बघण्यात मात्र मजा आहे, आणि ते फक्त एकसारख्या गाडीतच दिसतं.

नॅसकारमध्ये अंतरं मुळातच बारीक. २०२४ ला कॅन्ससमध्ये लार्सनने ब्यूशरला ०.००१ सेकंदाने हरवलं, फोटो मोठा करून बघितला तरी वाटतं बरोबरीत आहेत. आणि रॉस चेस्टेनचं प्रकरण यूट्यूबवर आजच बघा. ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल, शेवटचा लॅप, चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये जायला दोन जागा कमी पडत होत्या. गड्याने गिअर वर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर न सोडता भिंतीच्या आधाराने दोन वळणं काढली, पाच गाड्या मागे टाकल्या. म्हणाला लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलं होतं. पुढच्या वर्षीपासून त्याला बंदी. चेस्टेन हा कलिंगडाची शेती करणाऱ्या घरातला, जिंकला की गाडीवर चढून कलिंगड आपटून फोडतो. नारळ फोडणाऱ्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पायरी ७: पॉइंट्स, थोडक्यात

एफ वनमध्ये पहिल्या दहांना, २५ पासून १ पर्यंत, वर्षाची बेरीज, संपलं. इंडीकारमध्ये जिंकणाऱ्याला ५० आणि पार शेवटच्यालाही काहीतरी, बेरीज तिथेही वर्षाचीच. नॅसकारमध्ये २०१७ पासून रेसचे टप्पे पाडलेत आणि टप्प्यांचे वेगळे पॉइंट असतात, आणि शेवटच्या महिन्यांसाठी प्लेऑफसारखी वेगळी भानगड, तिचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. पाठ करू नका, सीझनच्या सुरुवातीला एकदा वाचा.

पायरी ८: पूल ओलांडणाऱ्यांना धरून ठेवा

दोन्ही जगं एकत्र बघायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे जो माणूस दोन्हीकडे पळला त्याला पकडा. मारिओ आंद्रेत्ती, नॅसकारची डेटोना ५०० १९६७ ला, इंडी ५०० १९६९ ला, एफ वनची चॅम्पियनशिप १९७८ ला. मॅन्सेलने १९९२ ला एफ वन जिंकली आणि १९९३ ला अमेरिकेत येऊन इथली पण. मोंतोया दोनदा इंडी जिंकला, मध्ये एफ वन आणि नॅसकार दोन्हीकडे रेस जिंकून आला. आणि न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन २०२३ ला शिकागोच्या रस्त्यांवर नॅसकारच्या आपल्या पहिल्याच रेसमध्ये जिंकून गेला.

आपला माणूस पण आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन. २००५ ला इंडियानापोलिसलाच एफ वन झाली होती, त्या सर्किटमध्ये ओव्हलचं एक कललेलं वळण घेतलं होतं, आणि त्या वळणात मिशेलिनचे टायर टिकेनात. मिशेलिनच्या १४ गाड्या एक लॅप हळू फिरून सरळ गॅरेजमध्ये, रेस सहा गाड्यांची. लोकांनी शिट्ट्या मारल्या, ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. त्या सहांत कार्तिकेयन चौथा आला, पाच पॉइंट, एफ वनमध्ये भारतीयाने मिळवलेले एवढेच. पाच वर्षांनी, २०१० ला, तो नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या सिरीजमध्ये मार्टिन्सव्हिलला उतरला, नॅसकारमधला पहिला भारतीय, आणि त्या वर्षी त्या सिरीजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून पण निवडून आला, मतदान ऑनलाइन होतं हो, आपली लोकसंख्या कामी आली.

पायरी ९: प्रत्यक्ष जायचं असेल तर

ओव्हलला जागा वरची घ्या, जितकी वर तितकी चांगली. खालून फक्त कुंपण आणि रंगीत रेघा दिसतात, शिवाय टायरचे रबराचे तुकडे अंगावर उडतात. इंडीला एका जागेवरून पूर्ण ट्रॅक दिसतच नाही, एवढा मोठा आहे, म्हणून मोठा स्क्रीन समोर येईल अशी जागा बघा. अख्खी रेस एका नजरेत पाहिजे तर ब्रिस्टल. कानाला बोळे नकोत, बांधकामावर घालतात तसे मोठे कानझाकणे घ्या, मुलांना तर नक्कीच. बाबांनी पहिल्या वर्षी मफलर गुंडाळला होता, मे महिन्यात, आणि त्यांचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.

इंडीला स्वतःचा कूलर आत नेता येतो, ठरलेल्या मापाचा, काचेची बाटली सोडून. आम्ही धपाटे, लोणचं आणि ताक नेतो. ताकाचं कारण आहे. इंडी जिंकणारा दूध पितो हे सगळ्यांना माहीत, पण ती प्रथा पडली १९३६ ला लुई मायरमुळे, आणि तो दूध नव्हे, ताक प्यायला होता. त्याच्या आईने सांगितलं होतं म्हणे उन्हातून आलास की ताक पी. डेअरीवाल्यांनी फोटो बघितला आणि पुढे त्याचं दूध करून टाकलं. बाबांना हे सांगितलं तेव्हापासून ते ह्या रेसला आपलीच मानतात. १९९३ ला फिटिपाल्डी दुधाआधी संत्र्याचा रस प्यायला होता, ब्राझीलमध्ये त्याच्या संत्र्याच्या बागा होत्या, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि कोलंबसकरांसाठी खास, १९५२ ला ह्याच इंडीची पोल कमिन्सच्या डिझेल गाडीने घेतली होती, रेसमध्ये टर्बोत ट्रॅकवरचा कचरा अडकून बंद पडली ते सोडा.

एफ वनचं तिकीट अमेरिकेत महाग, बघायचीच असेल तर ऑस्टिन, आणि पहिल्या वळणाच्या टेकडीवर सकाळी लवकर जाऊन गवतावर जागा धरा. ओव्हलसारखं सतत काही दिसणार नाही, दीड मिनिटाने एकदा घोळका येतो आणि जातो, मधल्या वेळात स्क्रीन.

पायरी १०: घड्याळ लावा

भारतातून बघणाऱ्यांसाठी. युरोपातली एफ वन उन्हाळ्यात बहुतेक संध्याकाळी ६:३० ला, फॅनकोडवर ती २०२४ ला दिसायला लागली. इंडी ५०० मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रविवारी, आपल्याकडे रात्री सव्वादहाच्या सुमारास हिरवा झेंडा. २०२५ पर्यंत त्याच रविवारी मोनॅको पण असायची, म्हणजे चहाला मोनॅको, जेवल्यावर इंडी आणि पहाटे साडेतीनला शार्लटची ६००, तिन्ही सलग बघणारे वेडे मी ओळखतो. २०२६ पासून मोनॅको जूनमध्ये गेली. गंमत म्हणजे खुद्द इंडियानापोलिसच्या लोकांना इंडी लाइव्ह टीव्हीवर वर्षानुवर्षं दिसायची नाही, स्टँडची तिकिटं संपली तरच दाखवायचे. तुम्ही चिंचवडमध्ये बसून त्यांच्या आधी बघू शकत होता. लाइव्ह नाही जमलं तर इंडीकार आणि नॅसकार दोघांच्या यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात, निकाल न बघता उघडायचे फक्त.

डेटोना ५०० फेब्रुवारीत, रविवारी दुपारी अडीचला म्हणजे आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटून सोमवारी पहाटे एकला. इथे एक धोका आहे. एफ वन पावसाचे टायर घालून पावसात पळते, ओव्हलवर नॅसकार आणि इंडीकार खऱ्या पावसात पळत नाहीत, थांबतात, ट्रॅक वाळवतात, परत थेंब पडला की परत थांबतात. २०२४ ला इंडी चार तास उशिरा सुटली आणि डेटोना तर रविवारची सोमवारवर गेली, आपल्याकडे मंगळवार पहाटे. त्यामुळे डेटोनासाठी सुट्टी टाकताना सोमवार आणि मंगळवार दोन्हीची टाका, आणि कारण विचारलं तर पाऊस म्हणून सांगू नका, फेब्रुवारीत कोणी विश्वास ठेवत नाही.